महाविद्यालयीन ग्रंथालयाचे मोल कसे मोजावे?

महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात ग्रंथालयाविषयी पुष्कळदा दोनच गोष्टी आढळतात: एकूण ग्रंथसंख्या आणि वर्षभरातील खर्च. त्यावरून संग्रह केवढा आहे हे समजते. तो विद्यार्थ्यांच्या किती उपयोगी पडला, हे समजत नाही. मग काटकसरीच्या वेळी ग्रंथालयाच्या तरतुदीला कात्री लागली, तर ग्रंथपालाजवळ सांगण्यासारखे काही उरत नाही.

गणिताचे अध्यापक शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचावा. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. सेवेची गुणवत्ता पडताळण्यास हीच सूत्रे आजही उपयोगी पडतात.

गेल्या पाच वर्षांत घेतलेल्या ग्रंथांपैकी किती एकदाही कपाटाबाहेर आले नाहीत? मागणी केल्यापासून ग्रंथ हाती पडेपर्यंत किती वेळ जातो? परीक्षेच्या दिवसांत वाचनकक्षातील किती जागा भरलेल्या असतात? ही माहिती थोड्या श्रमांत गोळा होते. सर्वांत महत्त्वाची नोंद मात्र बहुधा ठेवलीच जात नाही. देवघेवीच्या नोंदवहीत ग्रंथ नेणाऱ्याचे नाव असते. रिकाम्या हाताने परतलेल्याचे नसते. पाठ्यपुस्तक विकत घेणे ज्याला परवडत नाही, अशा विद्यार्थ्याचे नुकसान त्यामुळे अदृश्य राहते. न मिळालेल्या ग्रंथांची साधी वही ठेवल्यास पुढील खरेदीची यादी तिच्यातूनच तयार होईल आणि वाढीव अनुदानाच्या मागणीला आधार मिळेल.

ग्रंथालयांच्या कार्यमापनासाठी १९९८ साली आणि त्यांच्या परिणामांच्या मापनासाठी २०१४ साली स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानके प्रसिद्ध झाली. तथापि आकड्यांचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. ग्रंथालय वापरणाऱ्यांना अधिक गुण मिळाले, एवढ्यावरून ते ग्रंथालयामुळेच मिळाले असे ठरत नाही. अभ्यासू विद्यार्थी मुळातच तेथे अधिक येतात. म्हणून आकड्यांच्या जोडीला विद्यार्थ्यांचे व अध्यापकांचे अनुभवही नोंदवावेत.

गावच्या वाचनालयालाही हीच रीत लागू पडते. कपाटे किती भरली, यापेक्षा किती वाचकांची गरज भागली आणि किती जण विन्मुख परतले, याचा हिशेब अधिक मोलाचा होय.