आधी म्हण, मग मोज

बाळ, कवितेचं रसग्रहण लिहायला बसलीस की लगेच पेन्सिल उचलू नकोस. आधी कविता मोठ्यानं म्हण. जिथे दम घ्यावासा वाटेल तिथे नखानं खूण कर. बहुतेक वेळा यतीची जागा तिथेच सापडते.

मग मोज. अभंग-ओवीत अक्षरं मोजायची. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, जोडाक्षर एकच धरायचं. श्लोक असेल तर लघु-गुरू लाव. ‘मनाचे श्लोक’ भुजंगप्रयातात आहेत: लघु-गुरू-गुरू, असं प्रत्येक ओळीत चारदा. इथे डोळ्यांवर विसंबू नकोस. जोडाक्षराआधीचा ऱ्हस्व गुरू होतो, म्हणून ‘सत्य’मधला ‘स’ गुरू. पण ‘तुम्ही’तला ‘तु’ लघूच राहतो, कारण त्याच्यावर आघात येत नाही. बोलून बघ, लगेच कळेल. वृत्ताचं नाव अडलं तर माधवराव पटवर्धनांची ‘छंदोरचना’ कपाटात आहे.

अभंगापाशी मात्र रेंगाळ. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा. यमक साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं जुळतं. त्या नादानं कान तिसऱ्या चरणापर्यंत ओढला जातो आणि मग हा आखूड, यमक नसलेला चरण येतो. तुकोबा पुष्कळदा सगळा भार त्या चार अक्षरांवर टाकतात. तिथे काय म्हटलंय ते सांगितल्याशिवाय ‘यमकामुळे गेयता आली’ असं लिहू नकोस. ते वाक्य कुठल्याही कवितेखाली खपतं.

यमकाचे शब्द समासात जोडीनं उतरवून घे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ‘आला-गेला’ फुकटच मिळतं. ‘माती-नाती’सारखी जोडी दिसली, तर कवीनं हे दोन शब्द एकमेकांसमोर का आणले, ते विचार.

गाथेत ‘ध्रु.’ ही खूण बहुधा दुसऱ्या कडव्यापाशी असते. पानावर ते ध्रुपद एकदाच दिसतं, म्हणून मुलं विसरतात. भजनात मात्र ते पुनःपुन्हा येतं. तूही प्रत्येक कडव्यानंतर ते म्हण, आणि दर खेपेला अर्थात काय भर पडली ते टिपून ठेव. गझलेतही असंच पुन्हा येणं असतं: शेवटी येणारा रदीफ तसाच राहतो, त्याच्या आधीचा यमकाचा शब्द, म्हणजे काफिया, बदलत जातो. दर शेरात त्या काफियानं रदीफाला कुठला नवा अर्थ दिला, तेवढं शोध.