जेट निवडताना मी आईचा हात विसरले

आईला संधिवात होऊन सात वर्षं झाली. बोटांचे सांधे सुजलेले असतात आणि सकाळी उठल्यावर तासभर तरी मूठ वळत नाही. हे मला माहीत होतं. तरीही पुण्यातल्या माहेरच्या फ्लॅटचं बाथरूम नवं करताना मी कमोडशेजारी खटका दाबायचा हेल्थ फॉसेट, म्हणजे पाण्याचा जेट, लावून घेतला. माझ्या घरी तोच आहे, शेजारीपाजारीही तोच, म्हणून इथेही तोच. दुकानात मी चकाकी पाहिली, किंमत पाहिली. तो खटका दाबायला किती जोर लागतो, हे पाहिलं नाही.

सहा महिन्यांनी बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चार दिवस तिथे राहिले होते. एका सकाळी आईने टॉवेलसाठी हाक मारली. दार लोटलेलंच होतं. आत गेले तर आईने फॉसेट उजव्या हातात कसाबसा धरला होता आणि डाव्या हाताचा तळवा खटक्यावर टेकवून सगळ्या अंगाचा भार त्यावर टाकत होती. अर्धं पाणी भिंतीवर, अर्धं गाऊनवर. मला पाहून ओशाळली आणि म्हणाली, "होतं गं तेवढं." सहा महिने दिवसातून दोन-तीनदा हे चाललं होतं आणि तिने बाबांनाही सांगितलं नव्हतं. ब्लाउजची हुकं लागत नाहीत हे बायका डॉक्टरांना सांगतात. शौचानंतर नीट धुता येत नाही, हे कुणी आपणहून सांगत नाही. ते आपणच विचारायचं असतं.

त्या अपराधीपणाच्या भरात मी दुसरी चूक केली. दुसऱ्याच आठवड्यात विजेवर चालणारी बिडे सीट घेऊन आले. कोमट पाणी, गरम सीट, बटण दाबलं की नळी आपोआप पुढे येते. जपानमध्ये टोटो कंपनीने 1980 मध्ये वॉशलेट बाजारात आणलं, तेव्हापासून तिथे या सीट घरोघरी पोचल्या आहेत आणि ज्याचे हात चालत नाहीत त्याच्यासाठी ती खरंच चांगली वस्तू आहे. पण आधी घर तिच्याजोगतं हवं. आमच्या बाथरूममध्ये कमोडजवळ प्लगच नव्हता. मी म्हटलं, बाहेरून एक्स्टेन्शन बोर्ड आणू. इलेक्ट्रिशियनने सरळ नकार दिला. "ताई, ओल्या जागेत बोर्ड मी टाकणार नाही. अर्थिंग असलेला स्वतंत्र पॉइंट घ्या, आरसीसीबी बसवा, मग बोला." त्याचं बरोबर होतं. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर अशी सीट घरात आणूच नये.

फरशी न फोडता भिंतीवरून पट्टीत वायर घेऊन पॉइंट केला, सीट बसवली, आणि पाण्याची धार आली ती करंगळीएवढी, तीही खाली वाकलेली. कारण साधं होतं. आईबाबा चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहतात. गच्चीवरची टाकी डोक्यावरच. नळाला दाब मिळतो तो टाकीतलं पाणी नळापेक्षा जितकं उंच असेल त्यावर. दहा मीटर उंचीला साधारण एक बार. आमच्याकडे ती उंची जेमतेम चार मीटर, म्हणजे अर्धा बारही नाही. सीटच्या पुस्तिकेत लागणारा किमान दाब यापेक्षा जास्त लिहिला होता. तो मी खोका उघडल्यावर वाचला, आणि उघडलेला खोका दुकानदार परत घेत नाही. त्यात पाणी टँकरचं, बोअरचं, जड. दोन महिन्यांत सीटच्या जाळीवर पांढरा थर धरला आणि उरलीसुरली धारही गेली.

म्हणून कुणी विचारलं तर मी आधी दोनच गोष्टी बघायला सांगते: घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाचा हात आणि बाथरूममधला पाण्याचा दाब. दुकानात जायच्या आधी प्लंबरला दाब मोजायला सांगा. त्याच्याकडे मीटर नसेल तर निदान टाकी आपल्या कमोडपासून किती उंच आहे, ते विचारा. आणि ज्याच्यासाठी घ्यायचं त्याला दुकानात न्या. खटका हातात देऊन दहा वेळा दाबून घ्या. एकदा सगळ्यांनाच दाबता येतो.

आईला शेवटी उपयोगी पडली ती सीटखाली बसवायची, विजेशिवायची पातळ पट्टी. तिला बारीक तोंडाच्या दोन नळ्या असतात, एक मागच्या भागासाठी आणि एक बायकांसाठी पुढची. तोंड बारीक असल्यामुळे आमच्या कमी दाबावरही धार पोचते. ती निवडताना मी बाजूची चावी पाहिली. गोल, गुळगुळीत चावी आईला फिरवता आली नसती. लांब दांडीची घेतली, म्हणजे बोटं न वळवता तळव्याने ढकलता येते. आमच्या कमोडची सीट बोल्टजवळ जरा उंच आहे, म्हणून पट्टी सपाट बसली. काही कमोडचा काठ तिथे वळलेला असतो. त्यावर पट्टी ठेवली की सीट डुगडुगते, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला डुगडुगणारी सीट पाडते. पट्टी घेण्याआधी कमोडचा फोटो आणि दोन बोल्टमधलं अंतर सोबत न्या. नळ्या महिन्यातून एकदा लिंबूसत्व घातलेल्या पाण्याने पुसल्या की थर धरत नाही.

हिवाळ्यात पाणी गार लागतं, ही आईची तक्रार खरी आहे. गिझरची लाइन सरळ जेटला जोडून द्यायची सूचना एकाने केली होती. ती मी ठाम नाकारली. गिझरचं पाणी साठ अंशांपर्यंत जाऊ शकतं आणि त्या नाजूक जागी क्षणात भाजतं. डिसेंबर-जानेवारीत मी तिच्यासाठी कोमट पाण्याची छोटी बादली आणि तांब्या ठेवते.

स्वतंत्र बिडे, म्हणजे कमोडशेजारी बसवायचं दुसरं भांडं, आपल्या चार बाय सहाच्या बाथरूममध्ये मावत नाही. बिडे हा शब्द फ्रेंच, अर्थ तट्टू, कारण त्यावर घोड्यावर बसल्यासारखं बसायचं. इटलीत 1975 पासून नव्या घरात ते असणं नियमानेच ठरलेलं आहे. आपल्याकडे जागा असली तरी म्हाताऱ्या माणसाला उठून पुन्हा दुसरीकडे बसायला लावणं मला पटत नाही.

माझ्या स्वतःच्या घरची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. आम्ही उंच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, पाण्याला जोर भरपूर. दिवाळीत चार दिवस गावी गेलो होतो. परत आलो तर फॉसेटची नळी फुटलेली, बेडरूमपर्यंत पाणी आणि खालच्या वहिनींच्या पीओपीच्या छताला फुगे आलेले. त्या एक शब्दही वाकडा बोलल्या नाहीत, आणि त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं. खटका सोडला की पाणी थांबतं असं आपल्याला वाटतं, पण भिंतीतला अँगल कॉक उघडाच असेल तर नळीवर चोवीस तास पूर्ण दाब असतो. आणि तो कॉक कुणी बंद का करत नाही? कारण बऱ्याच घरांत एकच चावी असते आणि तीच फ्लशच्या टाकीलाही पाणी देते. जेट बंद केला की फ्लशही बंद. माझ्याकडेही तसंच होतं. आता दोन वेगळ्या चाव्यांचा टू-वे कॉक लावला आहे, पाव फेऱ्यात बंद होणारा. धुऊन झालं की जेटची चावी बंद, असा मुलांनाही नियम आहे. नळी स्टीलची विणलेली घ्या, दोन्ही टोकांचे नट पितळी आहेत का बघा, आणि फॉसेट बादलीत बुडवून ठेवू नका. कॉक उघडा असताना लाइनमधलं पाणी ओसरलं तर बादलीतलं घाण पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं.

दाब जास्त असला की आणखी एक काळजी घ्यावी लागते. मूळव्याध किंवा फिशर असलेल्याला जोराची धार इजा करते. माझ्या नवऱ्याला डॉक्टरांनी तेच सांगितलं: धार हळू, वेळ थोडा, मग मऊ कापडाने टिपायचं, घासायचं नाही. मुलींना मी लहानपणापासून पाणी पुढून मागे जाऊ द्यायला शिकवलं आहे, म्हणजे मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका कमी होतो.

गेल्या महिन्यात आईकडे समोरच्या काकू आल्या होत्या, त्यांच्या बाथरूमचं काम निघालंय. कोणता जेट घ्यावा, म्हणून मला विचारत होत्या. मी पाण्याचा दाब, टाकीची उंची सांगायला लागले. आईने मला हाताने थांबवलं आणि काकूंचा हात आपल्या हातात घेतला.

"आधी मला सांगा, सकाळी उठल्यावर तुमची मूठ वळते का हो पूर्ण?"

काकू जरा वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी खुर्ची आईजवळ ओढली.