जुने वाचनालय, तापलेले छत: कोणता खर्च आधी?

एप्रिल उजाडला की धाराशिव, तुळजापूर, कळंब, परंडा इथल्या वाचनालयांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो: एसी बसवू या. देणगीदारही त्यालाच चटकन तयार होतो, कारण एसीखाली नावाची पाटी लावता येते. अर्थिंगच्या खड्ड्यावर कोण पाटी लावणार? पण लाकडी पट्टीवरून गेलेली जुनी वायर आणि चिनी मातीचे फ्यूज असलेल्या इमारतीत एसी हा शेवटचा खर्च आहे. आधी वायरिंग, मग छत, मग पंखे आणि कूलर. हीटरचा विचारच नको. आपल्याकडची थंडी खिडक्या लावून घेतल्या की भागते.

खालचे दर बाजारातले ढोबळ अंदाज आहेत. वाचनकक्ष, ग्रंथदालन आणि अभ्यासिका मिळून १,५०० चौरस फुटांचे वाचनालय धरले आहे.

आधी वीजबिल वाचा

बिलावर दोन गोष्टी बघा: मंजूर भार आणि दर संकेत. सार्वजनिक वाचनालयांसाठी महावितरणचा ‘सार्वजनिक सेवा’ हा वेगळा वर्ग आहे. तुमचे बिल वाणिज्यिक दराने येत असेल, तर संस्थेचे नोंदणीपत्र आणि शासनमान्यतेचे पत्र जोडून वर्ग बदलण्याचा अर्ज करा. या कामाला खर्च जवळजवळ नाही आणि फायदा दर महिन्याला.

मंजूर भाराचा हिशेबही मांडा. १० कमी विजेचे पंखे, २० एलईडी नळ्या, २ कूलर आणि २ संगणक मिळून दीड किलोवॉटच्या आत बसतात. त्यात दीड टनाचे दोन एसी आले की भार पाच किलोवॉटच्या घरात जातो. मग भारवाढीचा अर्ज, त्याचे शुल्क आणि वाढलेला स्थिर आकार हेही एसीच्या किमतीत धरा.

वायरिंग: सुमारे ९० हजार

- ५० पॉइंट, प्रत्येकी १,२०० रुपये (वायर, पट्टी, स्विच, मजुरी): ६० हजार
- डीबी (वितरण पेटी), एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच): १५ हजार
- दोन अर्थिंग: १५ हजार

दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची वायर, पॉवर पॉइंटला अडीचची आणि एसीला चारची, तीही डीबीपासून स्वतंत्र. कागदाच्या गंजीत आग आणि धूर पसरू नये म्हणून एफआरएलएस (आग रोखणारी, कमी धुराची) किंवा हॅलोजनविरहित वायर मागा. सगळ्यात जास्त धोका अभ्यासिकेत असतो. स्पर्धा परीक्षेची मुले सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात आणि एका एक्सटेन्शन बोर्डावर सहा-सहा चार्जर लटकतात. तिथे प्रत्येक टेबलाजवळ पक्का सॉकेट द्या.

दगडमातीच्या भिंती फोडून वायर आत गाडू नका. सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने उमरगा-लोहारा पट्ट्यात अशा भिंतींचे काय होते ते दाखवले आहे. भिंतीवरून केसिंग पट्टी दिसायला साधी असली तरी भिंत शाबूत राहते आणि दुरुस्तीही सोपी होते.

छत: सुमारे ३७ हजार

पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या छतावर उष्णता परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात चौरस फुटाला २५ रुपयांच्या आसपास पडतात. तेवढे जमत नसेल तर स्लॅबवर चुना मारा. तो स्वस्त आहे, फक्त दर उन्हाळ्याआधी पुन्हा लावावा लागतो. माळवद असेल तर रंगाच्या भानगडीत पडू नका. मातीचा थर मुळातच ऊन अडवतो. तिथे गळती काढणे हेच काम.

पंखे, दिवे, कूलर: सुमारे ६६ हजार

साधा पंखा ७५ वॉट घेतो, कमी विजेचा बीएलडीसी पंखा साधारण ३०. रोज १० तास, महिन्याला २६ दिवस चालवले तर १० पंख्यांमागे ११७ युनिट वाचतात. युनिट सर्व आकारांसह ९ रुपये धरले तर महिन्याला हजारभर रुपये. थंडीत पंखे बंद राहतात हे धरून १० पंख्यांचे ३० हजार तीन-चार वर्षांत वसूल होतात. २० एलईडी नळ्यांना ६ हजार लागतील.

आपल्याकडची एप्रिल-मेची हवा कोरडी, म्हणून कूलर उत्तम चालतो. दोन मोठे कूलर ३० हजारांत येतात. मात्र ते अभ्यासिकेत आणि वाचनकक्षात ठेवा, ग्रंथदालनात नको. दमट हवेत पुस्तकांना बुरशी धरते. पावसाळा लागला की कूलरचे पाणी बंद. टँकरवर दिवस काढणाऱ्या गावात कूलरच्या पाण्याची सोयही आधी ठरवा.

दोन-तीन अग्निशामक नळकांड्यांचे १० हजार मिळवले की एकूण बेरीज दोन लाखांच्या थोडी वर जाते. जुन्या इमारतीत न दिसणारी कामे निघतात, त्यासाठी १० टक्के बाजूला ठेवा. एसी हवाच असेल तर उभारणीसह प्रत्येकी ५० हजार वेगळे.

पैसा कुठून?

२०२२ मध्ये शासनमान्य वाचनालयांचे अनुदान ६० टक्क्यांनी वाढले, तेव्हा ‘ड’ वर्गाचे वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजारांवर गेले. पगार, पुस्तके आणि नियतकालिके त्यातच. म्हणजे लहान वाचनालयाला बाहेरचा पैसा लागणारच. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या कोणत्या योजनेत तुमचे काम बसते, हे जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात विचारा. खासदार निधीत दुरुस्ती-देखभाल बसत नाही, म्हणून प्रस्तावाची भाषा आधी जिल्हा नियोजन कार्यालयाला दाखवा. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालयांचा उल्लेख आहे आणि आपला धाराशिव जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारी निधीच्या (सीएसआर) अर्जात या दोन्ही गोष्टी पहिल्याच परिच्छेदात लिहा.

दरपत्रक घेताना

- किमान तीन दरपत्रके, तिन्ही एकाच यादीवर: पॉइंट किती, वायर कोणत्या जाडीची, आयएसआय चिन्ह आहे का.
- ठेकेदाराचा विद्युत परवाना क्रमांक आणि काम झाल्यावर चाचणी अहवाल.
- मेगर (वायरच्या इन्सुलेशनची) चाचणी आणि अर्थिंगचे मोजमाप तुमच्यासमोर. तोवर १० टक्के रक्कम हातात ठेवा.
- काम दिवाळीनंतर सुरू करा, म्हणजे मार्चअखेर बिले चुकती होऊन हिशेबही पूर्ण होईल.

हातात ५० हजारच असतील तर? १५ हजारांत डीबी आणि आरसीसीबी, १५ हजारांत अर्थिंग, उरलेल्या २० हजारांत अभ्यासिकेचे १५-१६ पॉइंट. यंदाचा उन्हाळा जुन्या पंख्यांवर निघेल. शॉर्टसर्किटने जळालेले ग्रंथदालन मात्र कोणत्याच अनुदानातून परत उभे राहत नाही.