सर्वांची जमीन कोणी राखायची?



गेल्या महिन्यात युवकांच्या अभ्यासवर्गात एका मुलाने मला विचारले, "फादर, झाडे वाचवा, डोंगर वाचवा म्हणणारे लोक नेहमी डाव्या विचारांचेच का असतात? परंपरा मानणाऱ्यांना ह्याचे काही पडलेले नसते का?" प्रश्न प्रामाणिक होता. मी तेव्हा दोन वाक्यांत उत्तर देऊन सुटका करून घेतली. ते उत्तर अपुरे होते, म्हणून आज थोडे सविस्तर पाहू या. त्यासाठी अमेरिकेकडे वळावे लागेल, कारण तेथील इतिहासात ह्या प्रश्नाचे उत्तर आहे.

शब्दाचा अर्थ

इंग्रजीतील 'कॉन्झर्व्हेटिव्ह' म्हणजे परंपरा जपणारा, आणि 'कॉन्झर्वेशन' म्हणजे निसर्गाची जपणूक. दोन्ही शब्द एकाच लॅटिन धातूपासून आले आहेत. त्याचा अर्थ 'जपून ठेवणे'. अठराव्या शतकातील विचारवंत एडमंड बर्क ह्यांना परंपरावादी विचाराचे जनक मानतात. त्यांच्या मते समाज हा केवळ आज जिवंत असलेल्यांचा नसतो. जे गेले, जे आहेत आणि जे अजून जन्मायचे आहेत, अशा तिघांची ती भागीदारी असते. हे खरे मानले, तर आजच्या पिढीला जमीन विकून खाण्याचा पूर्ण अधिकार कसा असेल? ती तर मधल्या भागीदाराच्या हाती आलेली ठेव आहे.

सर्वांच्या मालकीची जमीन

अमेरिकेत सुमारे ६४ कोटी एकर जमीन केंद्र सरकारच्या ताब्यात, म्हणजे सर्व जनतेच्या मालकीची आहे. आठ महाराष्ट्र मावतील एवढी! त्यात राष्ट्रीय वने आहेत, चराऊ कुरणे आहेत, वाळवंट आहे. तिथे सामान्य माणूस फिरू शकतो, नियम पाळून शिकार आणि मासेमारी करू शकतो. गुरे पाळणारे ठरावीक शुल्क भरून गुरे चारतात. मात्र एक सत्य विसरता येणार नाही. ही जमीन मूळच्या आदिवासी जमातींची होती, आणि त्यांना हुसकावून ती घेतली गेली. तो अन्याय पुढच्या चांगल्या कामाने पुसला जात नाही.

जमीन राखण्याच्या कामात मोठा वाटा थिओडोर रूझवेल्ट ह्यांचा होता. ते रिपब्लिकन पक्षाचे, १९०१ ते १९०९ ह्या काळात राष्ट्राध्यक्ष, आणि स्वतः हाडाचे शिकारी. त्यांनी सुमारे २३ कोटी एकर जमीन संरक्षणाखाली आणली. पुढे १९३७ साली बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या संवर्धनासाठी राखून ठेवणारा कायदा झाला. शिकाऱ्यांच्या संघटनांनी त्याला पाठिंबा दिला. ज्याला रानात हरिण हवे, त्याने रान राखण्याचा खर्च उचलायचा, असा तो साधा हिशेब होता.

आपल्याच माणसांना 'नाही'

तरीही सर्व परंपरावादी ह्या मताचे नव्हते. १९७६ च्या एका कायद्याने ही जमीन साधारणपणे केंद्राकडेच राहील असे ठरले. तेव्हा पश्चिमेकडील राज्यांत मोठा असंतोष उसळला. हजारो मैलांवरचे अधिकारी आमच्या कुरणांचे निर्णय का घेतात, असे तेथील लोक विचारू लागले. ही तक्रार अगदीच खोटी नव्हती. पण तिच्या आडून जमीन विकण्याची भाषाही सुरू झाली.

जानेवारी २०१७ मध्ये यूटा राज्यातील रिपब्लिकन प्रतिनिधी जेसन चॅफेट्झ ह्यांनी दहा राज्यांतील ३३ लाख एकर जमीन विकण्याचे विधेयक आणले. विरोध कोठून आला? शिकारी आणि मासेमारी करणाऱ्यांकडून! त्यांतील कित्येक त्याच पक्षाचे मतदार होते. त्यांनी फोन केले, पत्रे लिहिली, सभा घेतल्या. काही दिवसांतच, फेब्रुवारीच्या आरंभी, चॅफेट्झ ह्यांनी विधेयक मागे घेतले. ते जाहीर करताना त्यांनी शिकारीच्या पोशाखातला स्वतःचा फोटो टाकला होता. आपण कोणाला उत्तर देत आहोत हे त्यांना पक्के ठाऊक होते.

२०२५ साली तेच पुन्हा घडले. जून महिन्यात यूटाचेच सिनेटर माइक ली ह्यांनी घरबांधणीसाठी म्हणून २० लाखांहून अधिक एकर जमीन विकण्याची तरतूद अर्थविषयक विधेयकात मांडली. घरे परवडत नाहीत ही अडचण खरी आहे, तिची चेष्टा करू नये. पण मोंटाना आणि आयडाहो राज्यांच्या रिपब्लिकन सिनेटरांनीच विरोध केला. मोंटानाचे प्रतिनिधी रायन झिंकी ह्यांनी तर जमीनविक्री राहिली तर विधेयकाला मत देणार नाही असे सांगितले. २८ जून रोजी ली ह्यांनी तरतूद मागे घेतली.

हे लोक संत होते असे मी म्हणत नाही. हेच झिंकी मंत्री असताना २०१७ मध्ये बेअर्स इअर्स नावाचे संरक्षित क्षेत्र मोठ्या प्रमाणात घटवले गेले होते. पण एक धडा मात्र घेण्यासारखा आहे. विरोधकाला 'नाही' म्हणायला धैर्य लागत नाही, तिथे टाळ्या मिळतात. आपल्याच पक्षाला, आपल्याच माणसांना 'नाही' म्हणताना जीभ जड होते. ती जमीन वाचली, कारण काही लोकांनी तेवढे धैर्य दाखवले.

पवित्र शास्त्राची शिकवण

लेवीय ह्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय घरी अवश्य वाचा. जमीन परमेश्वराची आहे, आपण तिच्यावर पाहुणे म्हणून राहतो, असे तिथे सांगितले आहे. पुढे चौतिसाव्या वचनात आणखी एक नियम आहे, जो आपल्या नजरेतून निसटतो. लेवींच्या नगरांभोवतीची कुरणे विकायची नाहीत. घर विकता येत होते, कुरण नाही. संत थॉमस अक्विनास ह्यांनी खाजगी मालमत्ता योग्य ठरवली, पण तिचा उपयोग करताना माणसाने ती सर्वांची आहे असे मानावे, असेही शिकवले. मग जी जमीन मुळातच सर्वांची आहे, तिच्याविषयी आपले कर्तव्य किती मोठे!

आपल्या दारात

आता हा आरसा आपल्यासमोर धरू या. आपल्याकडे एवढाली राष्ट्रीय वने नाहीत. पण गुरचरण आहे, गावतळे आहे, बावखले आहेत, किनारा आहे. पंजाबातील एका गावाच्या तळ्यावर भराव घालून घरे बांधली गेली होती. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निकाल दिला, की गावाच्या सामायिक जमिनीवरील बेकायदा कब्जे हटवून ती गावाला परत मिळावी, ह्यासाठी सर्व राज्यांनी योजना आखाव्यात. कायदा आहे, पण तक्रार कोणी करायची?

बाहेरचा बिल्डर आला की आपण मोर्चा काढतो. पण भराव घालणारा आपलाच चुलता असला तर? मतदानाला आपण ज्याच्यामागे उभे राहतो तो नेता असला तर? दर रविवारी शेजारच्या बाकावर बसणारा असला तर? तेव्हा आपण म्हणतो, "जाऊ द्या, घरचाच आहे." माझ्याकडूनही असे झाले आहे. एका कुटुंबाला वाईट वाटेल म्हणून मी गप्प राहिलो, आणि आज त्या बावखलाच्या जागी पक्की भिंत उभी आहे. हे लिहिताना मला लाज वाटते.

त्या युवकाला माझे आजचे उत्तर असे आहे: जमीन जपणे हे डाव्यांचे किंवा उजव्यांचे काम नाही. जो स्वतःला वारसदार समजतो, त्याचे ते काम आहे. वारसदाराने प्रथम आपल्या घरात बोलायला शिकावे.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या गावातील सामायिक जागा कोणत्या? मुलांना त्या ठाऊक आहेत का?
२. कोणाला वाईट वाटेल म्हणून मी कुठे गप्प राहिलो?
३. ह्या आठवड्यात, भांडण न करता, कोणाशी मी प्रेमाने पण स्पष्ट बोलू शकतो?

प्रभू आपणा सर्वांना तेवढे धैर्य देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू