पीसीओएस, फॅटी लिव्हर आणि महिन्याचं वाणसामान

सोनोग्राफीच्या एकाच रिपोर्टवर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ आणि ‘पॉलिसिस्टिक ओव्हरीज’ अशा दोन्ही ओळी घेऊन येणाऱ्या मुली हल्ली बऱ्याच दिसतात. दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही हे कारण असतं. म्हणून डॉक्टर सांगतात, भात-पोळी-साखर कमी करा, वजन उतरवा. सल्ला बरोबर आहे. पण घरी पोचेपर्यंत मोबाइलवर कीटो आटा, बदामाचं पीठ आणि तीन महिन्यांची डाएट पॅकेजं यांच्या जाहिराती सुरू झालेल्या असतात. हे सगळं घेतलं तर महिन्याला पाच-सात हजार सहज उडतात, आणि त्यातल्या बहुतेक खर्चाची गरज नसते.

आधी, कमी म्हणजे किती? दिवसाला १३० ग्रॅमच्या आत कर्बोदकं ठेवली की तो आहार कमी कर्बोदकांचा धरतात. कीटो ५० च्याही खाली जातो. तिथवर जायची बहुतेकींना गरज नसते. मध्यम भाकरीला ५० ग्रॅम पीठ लागतं, त्यात साधारण ३५ ग्रॅम कर्बोदकं येतात. पातळ फुलक्यात १७-१८, लहान वाटी भातात २८ च्या आसपास. म्हणजे दिवसभरात दोन भाकऱ्या, एक वाटी आमटी, दही आणि पालेभाजी-कोशिंबीर मिळून आकडा १२० च्या घरात राहतो. घरचं ताट मोडावं लागत नाही. मात्र एक गैरसमज काढायला हवा: ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कर्बोदकं जवळपास सारखीच असतात. पोळीऐवजी भाकरी चांगलीच, पण चार पोळ्यांच्या जागी चार भाकऱ्या खाल्ल्या तर फरक पडत नाही. साखर सोडून गूळ-मध धरला तरी तसंच. उपासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे.

आता पैशांचा हिशोब. शहरातले सध्याचे साधारण भाव धरले आहेत. तुमच्या गावात थोडे इकडेतिकडे होतील. एका व्यक्तीसाठी रोज दोन अंडी, महिन्याचे ४०० ते ४५० रुपये. रोज मोठी वाटी दही, घरी विरजलेलं, सुमारे ५००. मूठभर शेंगदाणे, दीडशे. सोयाबीनच्या वड्या रोज ३० ग्रॅम, दीडशेच्या आत. आठवड्यातून तीनदा थोडं पनीर, अडीचशे. जादा भाजी, सहाशे. एकूण दोन हजारांच्या थोडं पुढे. आता वजाबाकी करा: तांदूळ-गहू मिळून पाचेक किलो कमी लागतात, साखर किलोभर वाचते, बिस्किटं, खारी, टोस्ट, फरसाण आणि बाहेरचा वडापाव थांबतो. यातून हजाराच्या आसपास वाचतात. म्हणजे खरी वाढ महिन्याला हजार-बाराशे रुपये. शाकाहारी घरात अंड्यांच्या जागी मूग, हरभरा आणि सोयाबीन वाढवा. खर्च फार बदलत नाही. डाळीत कर्बोदकं असतात म्हणून ती टाकून देऊ नका, वाटी मोजून खा. किलोमागे ५२ रुपयांच्या तांदळाऐवजी दीडशेच्या वड्या घेताना हात आखडतो, पण शंभर ग्रॅम वड्यांत सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं असतात. इतकी स्वस्त प्रथिनं दुसरीकडे क्वचितच मिळतात.

तयार पाकिटांपासून जपून. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बिस्किटातही बहुतेकदा मैदा असतो. पुढचं अक्षर सोडून मागच्या तक्त्यात शंभर ग्रॅममागे एकूण कर्बोदकं किती ते वाचा. ‘लिव्हर डिटॉक्स’च्या बाटल्यांवर एक रुपयाही घालू नका, काही वनौषधींनी आणि ग्रीन टी अर्काच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. पीसीओएससाठी विकल्या जाणाऱ्या इनोसिटॉलच्या पुड्यांवर महिन्याला हजाराच्या आसपास जातात, आणि त्याच्या उपयोगाचे पुरावे मर्यादित आहेत. पैसे तोलून घ्यायचे असतील तर ही वस्तू यादीत शेवटी.

तपासण्यांतही निवड करता येते. पीसीओएसमध्ये उपाशी इन्सुलिन मोजायची नेहमीच्या उपचारात गरज नाही, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यापेक्षा ७५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन केलेली साखरेची तपासणी उपयोगी, आणि तीच स्वस्त. यकृतासाठी लिव्हर फंक्शन आणि रक्तपेशींची तपासणी मिळून हजाराच्या आत बसते. या रिपोर्टांतले आकडे आणि वय यांवरून फिब-४ नावाचा गुणांक फुकट काढता येतो. पस्तिशीच्या आतल्या मुलींमध्ये तो तितका भरवशाचा नाही, म्हणून यकृत कडक झालं आहे का हे पाहणारं दोन ते पाच हजारांचं फायब्रोस्कॅन डॉक्टरांना विचारूनच करा. आणि सोनोग्राफीत गाठी दिसल्या एवढ्यावर पीसीओएस ठरत नाही, पाळी आणि हार्मोन्सही बघावे लागतात.

एक सल्ला मात्र पैसे देऊन घ्याच: आहारतज्ज्ञांची एक सविस्तर भेट, पाचशे ते दीड हजारांत. सरकारी आणि महानगरपालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत तीच नाममात्र शुल्कात मिळू शकते. तीन महिन्यांचं पॅकेज आधी घेऊ नका. वजन ५ ते १० टक्के उतरलं की पाळी सुधारायला मदत होते, ७ ते १० टक्क्यांनी यकृतावरची सूज कमी व्हायला लागते. ७५ किलोच्या बाईसाठी ७ ते १० टक्के म्हणजे सव्वापाच ते साडेसात किलो. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय सूचनेनुसार पीसीओएससाठी कुठलाच एक आहार बाकीच्यांपेक्षा वरचढ ठरलेला नाही. टिकेल तो चांगला.

मधुमेहाच्या गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइड, किंवा इन्सुलिन चालू असेल तर भाकरी कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन घेत असाल तर कर्बोदकं फार कमी केल्याने रक्तात कीटोन साठण्याचा धोका असतो. गर्भवती, स्तनपान करणाऱ्या आणि यकृताचा सिरोसिस झालेल्या स्त्रियांनी हा आहार स्वतःहून सुरू करू नये.

शेवटी घरातल्या बाकीच्यांना. दोन अंडी आणि वाटीभर दही हा पीसीओएस असलेल्या बाईचा चैनीचा खर्च नाही. महिन्याचं सामान भरताना तिची यादी आधी लिहा.