गारांच्या माऱ्यात गोवर्धन



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय २५

गोवर्धनाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. कॅलेंडरवरच्या चित्रात करंगळीवर डोंगर, खाली हसरे गोप-गोपी आणि वर पाऊस. पण अध्याय नीट वाचा. तो नुसता पाऊस नव्हता. इंद्राच्या ढगांनी जलशर्करा, म्हणजे गारा ओतल्या. जनावरं थरथरत होती, माणसं थंडीने काकडली होती. हे वाचलं की मला २०१४ साल आठवतं.

आपल्या मराठवाड्यात हिमवादळं येत नाहीत. आभाळातून बर्फ पडतो तो गारांच्या रूपात. त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत पुन्हा पुन्हा गारपीट झाली. उत्तरेकडची थंड, कोरडी हवा आणि समुद्रावरची दमट हवा एकमेकींना भिडली की उंचच उंच ढग तयार होतात. ढगातला वर चढणारा वारा पाण्याचे थेंब गोठवणाऱ्या थंडीत नेतो, त्यांच्यावर बर्फाचे थर चढतात आणि वाऱ्याला वजन पेलेनासं झालं की गार खाली येते. लातूर-नांदेडकडे ज्वारी, गहू, हरभरा ऐन काढणीला आला होता. पिकं आडवी झाली, फळबागा झोडपल्या गेल्या, पाखरं आणि जनावरं मेली. गारांना कमी समजू नका. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशात मुरादाबादजवळ गारपिटीत २४६ माणसं गेली होती.

मी तेव्हा पुण्यात शिकत होतो. आमचं गाव औसा तालुक्यात. आबांचा फोन आला. "हरभरा गेला रं. काढून ढीग घातला होता, समदा भिजला."

मी नुकताच सत्संगाला जायला लागलो होतो. मोठ्या ज्ञानी माणसासारखं म्हणालो, "आबा, देवाची इच्छा. चिंता करू नका."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आबा म्हणाले, "देवाची इच्छा मला कळंल तवा कळंल. तू शनिवारी येतूस का, एवढं सांग."

मी परीक्षेचं कारण सांगितलं. गेलो नाही. परीक्षा तीन आठवड्यांनी होती.

नंतर आईकडून कळलं, शेजारच्या शेतातले काका ताडपत्री घेऊन आले होते. दोघांनी दोन दिवस हरभरा पसरून वाळवला, जेवढा वाचला तेवढा वाचवला. मग आबा त्यांचे उडालेले पत्रे बसवायला गेले. काका कधी कीर्तनाला बसलेले मी पाहिले नाहीत.

आता अध्यायाकडे परत येऊ. तीन गोष्टी बघा.

१. आदल्याच अध्यायात, म्हणजे २४ व्यात, कृष्णाने नंदबाबांना कर्माचा सिद्धांत समजावला होता. गारा पडू लागल्यावर मात्र त्याने प्रवचन दिलं नाही. "तुमच्याच कर्माचं फळ" असं एका शब्दानेही म्हटलं नाही. डोंगर उचलला.

२. त्याने माणसांना एकटं बोलावलं नाही. गाई, गाडे, सगळं घेऊन आत या म्हणाला. शेतकऱ्याचा जीव गोठ्यातही असतो, हे त्याला ठाऊक होतं.

३. सात दिवस तो जागचा हलला नाही. मदत म्हणजे एक मेसेज आणि हात जोडलेला इमोजी नव्हे. थांबावं लागतं.

'देवाची इच्छा' हे शब्द खोटे नाहीत. पण ते ज्याचं नुकसान झालं त्याने स्वतःच्या मनाशी म्हणायचे असतात. आपण कोरड्या खोलीत बसून दुसऱ्याला ऐकवले, तर ती श्रद्धा नाही, सुटका करून घेणं आहे. माझं तेच झालं होतं. आबांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही, म्हणून तो मला जास्त टोचतो.

आजचा अभ्यास: अध्याय २५ पूर्ण वाचा, दहा-पंधरा मिनिटं लागतील. मग ज्याच्यावर सध्या गारा पडताहेत असा एक माणूस आठवा. त्याला उपदेश करू नका. एवढंच विचारा, "मी कधी येऊ?" आणि जा.

रामकृष्णहरी!