बाण फुकट, एंटर महाग

बाळा, माउस काढून ठेव. माळेगावच्या एमआयडीसीत मशिनवर नवा जॉब लावला की ड्राय रन घेतल्याशिवाय तू सायकल स्टार्ट दाबत नाहीस. चौकटींचे डाव खेळतानाही तीच शिस्त हवी, आणि ती कीबोर्डच लावतो. माउसने घरावर जाणं आणि घर उघडणं जवळजवळ एकाच दमात होतं. कीबोर्डवर मध्ये फट राहते. बाणांनी कितीही हिंड, काही बिघडत नाही. जे व्हायचं ते एंटरला होतं. विचार करायचा तो त्या फटीत.

सायमन टॅथम या ब्रिटिश प्रोग्रॅमरचा कोड्यांचा संच फुकट मिळतो. त्यातलं सुरुंग शोधायचं ‘माइन्स’ घे. एंटरने घर उघडतं, स्पेसने झेंडा लागतो. एखाद्या आकड्याभोवती तितके झेंडे लावून झाले की त्या आकड्यावरच एंटर दाब, आजूबाजूची उरलेली घरं एकदम उघडतात. पण आधी झेंडे पुन्हा मोज. एक चुकीचा असला तर तिथेच स्फोट. या खेळात पहिलं घर कधी सुरुंगाचं नसतं आणि मूळ सेटिंग बदललं नाहीस तर सगळा डाव तर्काने सुटतोच. म्हणून अडलास तरी अंदाजाने दाबू नको. कुठला तरी आकडा तू नीट वाचलेला नाहीस, तो शोध.

हात कसे ठेवायचे, हे मी टायपिंगच्या पोरांना सगळ्यात आधी सांगायचो. उजव्या हाताची तीन बोटं बाणांवर, डावा अंगठा स्पेसवर. एंटरसाठी उजवा हात उचलावा लागतो, आणि ते चांगलंच आहे.

त्याच संचात सुडोकूचं नाव ‘सोलो’. इथे एंटरचं काम वेगळं: तो दाबला की आकडा पक्का न बसता पेन्सिलने लिहिल्यासारखा बारीक उमटतो. एम दाबलं तर सगळ्या रिकाम्या घरांत सगळे बारीक आकडे भरतात. सुरुवातीला ते करू नको, त्या गर्दीत काही दिसत नाही. दोनच शक्यता उरलेली घरं तेवढी हाताने भर.

यू दाबलं की एक चाल मागे. माइन्समध्ये स्फोट झाल्यावरही मागे जाता येतं, फक्त खाली त्याची मोजणी राहते. लगेच नवा डाव मांडू नको. मागे जा आणि कोणता आकडा वाचायचा राहिला ते बघ.

आणि बटणं ऐकत नाहीत असं वाटलं तर मशिन बिघडलं म्हणू नको. मराठी टायपिंगचा लेआउट चालू राहिलेला असेल. विंडोज आणि स्पेस एकत्र दाबून इंग्रजीवर ये. नम लॉकही तपास, तो बंद असला तर बाजूच्या पॅडवर आकड्यांऐवजी बाण चालतात.

सुरुवात ९ बाय ९, १० सुरुंगांच्या डावाने कर. तो न चुकता सुटू लागला की मगच १६ बाय १६, ४० सुरुंग.